सपाट गाणारी

तिचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही. निदान तुमचा तसा समज आहे, आणि गेल्या वर्षापर्यंत तिचाही होता.

ती डमी गाते. गाणं तयार होतं तेव्हा मोठी गायिका गावात नसते. किंवा असते, पण घसा बसलेला असतो. किंवा घसा ठणठणीत असतो आणि मूड नसतो. संगीतकाराला आणि निर्मात्याला मात्र गाणं कसं झालंय ते आजच ऐकायचं असतं. अशा वेळी हिला फोन जातो. ही येते, कागदावरचे शब्द वाचते, चाल ऐकून घेते, गाते आणि घरी जाते. पुढे सवडीने मोठी गायिका येते, कानाला हेडफोन लावून हिचं गाणं ऐकते, त्यावर स्वतःचं गाते, आणि मग हिचं पुसून टाकतात. पुसलं जाण्यासाठीच ते गायलेलं असतं. यात अपमान वगैरे काही नाही, असं तिचं म्हणणं. स्लॅब टाकताना खाली लावलेल्या फळ्याही नंतर काढून टाकतात. फळ्या कधी रुसल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

स्टुडिओत तिला सगळे ताई म्हणतात. पन्नाशी उलटलेली, जाड चष्मा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत गरम पाण्याचा थर्मास. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दोघांची कामं एकाच जातकुळीची आहेत, असा त्याचा दावा आहे: चालू असेपर्यंत कुणी ढुंकून बघत नाही.

डमी गाण्याची रीत ठरलेली असते. सपाट गायचं. चाल चोख, शब्द स्वच्छ, बाकी काही नाही. उमेदवारीच्या काळात ताईने एका गाण्यात एक छोटीशी हरकत घेतली होती. मोठ्या गायिकेने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि ती म्हणाली, "मग हिलाच द्या ना गाणं." ती शिफारस नव्हती. ताईला बरेच महिने कुणी बोलावलं नाही. तेव्हापासून ती सपाट गाते, आणि हे कौशल्याचं काम आहे. गळ्याला वळण घ्यावंसं वाटतं तिथे त्याला सरळ नेणं सगळ्यांना जमत नाही.

दुसरी रीत अंतऱ्याच्या शेवटची. मोठ्या गायिकेला गाणं नवं असतं. अंतरा संपवून मुखड्यावर नेमकं कुठे उतरायचं ते तिला कळावं म्हणून डमी गाणारी शेवटचा सूर गरजेपेक्षा लांब धरते. अंधाऱ्या जिन्याच्या तळाशी कुणीतरी दिवा धरून उभं राहावं, तसा. मोठी गायिका स्वतः गाताना तो सूर आखूडच घेते. तसाच लांब ठेवला तर बेढब लागतो. गाणं काही विसरून दारात थबकल्यासारखं वाटतं.

ताई गेली कित्येक वर्षं बहुतेक एकाच गायिकेची डमी गात आली. त्या गायिकेला सगळे बाई म्हणतात. दोघींची पट्टी एक, आवाजाचा पल्ला एक. ओळख मात्र स्टुडिओच्या बोळातली. बाई आत येताना, ताई बाहेर पडताना, "काय, बरी आहेस?" आणि "हो, तुम्ही?" एवढीच.

स्टुडिओ फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात आहे. जिना उतरताना पॉलिशचा वास येतो. मग एक जाड दार, मग दुसरं जाड दार, मग काच, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. त्याला सगळे दादा म्हणतात. डॉक्टरने साखर बंद केलेली, म्हणून तो बिस्किटं केबलच्या खोक्यात लपवतो. ताई आणि तो एकाच सुमाराला या धंद्यात आले.

गेल्या वर्षापासून दोन गोष्टी बदलल्या होत्या. बोळात बाई दिसेनाशा झाल्या. आणि दादा एकच गाणं पुन्हापुन्हा गाऊन घ्यायला लागला. एकदा माइकच्या जवळून, एकदा जरा मोकळ्या गळ्याने.

"डमीला एवढं कशाला?" ताईने विचारलं होतं.

"माइक नवा आहे. त्याचा स्वभाव बघतोय."

माणसांचा स्वभाव बघायला दादाने आयुष्यात कधी एवढा वेळ दिला नव्हता. ताईच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण तिने तिकडे दुर्लक्ष केलं. काम चालू होतं.

मग ते चपलांचं दुकान. ताई नवऱ्याबरोबर गेली होती. एका पायात नवा बूट, दुसरा पाय मोज्यात, आणि छतातल्या स्पीकरवर बाईंचं नवं गाणं. चित्रपटातली नायिका गच्चीवर कपडे वाळत घालताना गाते ते. ताईने त्याची डमी गायली होती, त्यामुळे ती कान देऊन ऐकत होती. आवाज बाईंचाच. तो जरासा घोगरा, ओला आवाज कुणीही ओळखावा. पहिला अंतरा संपला आणि शेवटचा सूर लांबला. लांबला, लांबला, आणि मग मुखड्यावर उतरला.

"हा बूट चावतोय का?" नवऱ्याने विचारलं. "तुझा चेहरा असा का झाला?"

"हे बाईंनी गायलेलं नाही."

"आवाज तर त्यांचा आहे."

"आवाज त्यांचा आहे. गायले मी आहे."

नवऱ्याने छताकडे बघितलं, मग विक्रेत्याकडे बघून म्हणाला, "दुसरा नंबर दाखवा. हा डोक्यात जातोय."

घरी आल्यावर तिने ते गाणं फोनवर पुन्हा ऐकलं. दोन्ही अंतऱ्यांच्या शेवटी तोच लांब सूर. इतक्या वर्षांत बाईंनी तो एकदाही तसा घेतलेला नव्हता. घेण्याचं कारणच नव्हतं. तो फक्त दाखवण्यासाठी असतो. दिवा धरणारा माणूस कुणीतरी चित्रात तसाच राहू दिला होता, कारण एकीच्या गाण्यावर दुसरीचा आवाज चढवणाऱ्या यंत्राला तो तिथे का उभा आहे हे ठाऊक नव्हतं, आणि दादाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता तळघरात उतरली.

"दादा, गच्चीवरचं गाणं बाईंनी कधी गायलं?"

"गायलं की मागे." त्याने खुर्ची स्क्रीनकडे वळवली.

"मला बघून सांगा."

"अहो ताई, सकाळी सकाळी काय हे पोलिसासारखं."

"माझं पुसलंत का?"

त्याने स्क्रीनवरची एक खिडकी बंद केली. मग म्हणाला, "आता काही पुसत नाही कुणी. पूर्वी टेप वाचवायची असायची. आता सगळं राहतं."

"राहतं की वापरता?"

"हे बघा. खाली तुमचं गाणं, वर बाईंचा आवाज. कपडे घातल्यासारखं. सगळीकडे असंच चाललंय, मी एकटा नाही."

"कपडे बाईंचे. आत अंग कुणाचं?"

"तुम्ही पण ना!" दादा हसला, पण एकटाच. "तुमचं काही गेलं का? उलट कामं वाढली. मी तुमचंच नाव पुढे करतो, दुसऱ्या कुणाचं सपाट गाणं इतकं चांगलं बसत नाही. यंत्राला तुमच्यासारखंच लागतं. कोरं."

हे कौतुक होतं आणि ते त्याने मनापासून केलं होतं. ताईला ते जास्त लागलं.

"बाईंना माहीत आहे?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

"अजून कुठल्या गाण्यांत घातलंय मला?"

"आठवत नाही," दादा म्हणाला. केबलच्या खोक्यातून त्याने एक बिस्कीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने घेतलं नाही. घरी येऊन तिने निरोप पाठवला: माझं पुसणार असाल तरच यापुढे बोलवा. उत्तर आलं नाही. बोलावणंही आलं नाही.

संशयाला एकदा दार उघडलं की तो घरातल्यासारखा वागतो. ताई स्वयंपाक करताना, बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर कान टवकारून बसायला लागली. बाईंची गेल्या दोनेक वर्षांतली गाणी तिने एकेक करून तपासली. काहींत लांब सूर होता. काहींत नव्हता, पण तेवढ्याने ती बाईंची ठरत नव्हती, कदाचित तिथे दादाचं लक्ष होतं एवढंच. मग तिला दुसऱ्या गायिकांच्या गाण्यांतही स्वतःचं गाणं ऐकू यायला लागलं. नवरा कंटाळला.

"आमच्या नव्या लिफ्टमधली बाई 'कृपया दरवाजापासून दूर राहा' म्हणते," तो म्हणाला. "ती पण तूच का?"

ताईने त्याच्याकडे रागाने बघितलं. पण आठवड्याने त्या इमारतीवरून जाताना ती आत शिरली आणि लिफ्टने वरपर्यंत जाऊन आली. ती नव्हती. बहुतेक.

बाईंचा फोन तिला त्यानंतर आला. घरी ये, एवढंच. ताई गेली ती भांडायच्या तयारीने. दार बाईंनीच उघडलं. बैठकीच्या खोलीत भिंतभर फोटो, सगळ्यांत बाई माइकसमोर, आणि फोटोंखाली खऱ्या बाई गळ्याला रुमाल गुंडाळून बसलेल्या. बोलताना आवाज मध्येच विरत होता.

"गळ्याचं ऑपरेशन झालं. बाहेर कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस."

"गच्चीवरचं गाणं..."

"थांब. आधी मला सांग, तू किती दिवसांपासून यात आहेस?"

"मी?" ताई म्हणाली. "मला चपलांच्या दुकानात कळलं."

"दादा तर म्हणाला, ताईंची हरकत नाही."

"मला म्हणाला, बाईंना विचारा."

कुणी कुणावर विश्वास ठेवावा असं त्या खोलीत काही नव्हतं. शेवटी बाईच बोलल्या. त्यांना स्टुडिओतून सांगितलं होतं की तुम्ही मुखडा हलक्या आवाजात गा, बाकी आम्ही बघतो. कसं बघणार, हे त्यांनी विचारलं नव्हतं. मुद्दाम विचारलं नव्हतं, हेही त्यांनी सांगितलं.

"आणि आता मला का बोलावलंत?"

"रंगमंचावर कार्यक्रम आहे. लोकांना गच्चीवरचं गाणं हवंय. सारखं तेच मागतात." बाईंनी रुमाल सैल केला. "मला ते येत नाही. मुखड्यापुढे मी कधी गायलेच नाही ते."

ताईला हसू आलं, आणि ते दाबता आलं नाही. मग बाईही हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला.

"पडद्यामागून तू गा," बाई म्हणाल्या. "मी पुढे ओठ हलवते."

"नाही."

"मग शिकव."

"शिकवते. पण एका बोलीवर. यापुढे तुमची गाणी तुम्ही गायची. जमेल तशी, जमेल त्या पट्टीत. आणि माझं पुसायचं. नाहीतर मी हे काम सोडते, आणि का सोडलं ते विचारणाऱ्याला सांगते."

"धमकी देतेस?"

"हो," ताई म्हणाली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच दिली असावी. आवाज जरा चढला.

"कबूल," बाई म्हणाल्या.

शिकवणी चालू झाली. ज्या बाईंनी हिचं गाणं वर्षानुवर्षं हेडफोनमधून ऐकलं होतं, त्या आता समोर बसून ऐकत होत्या. अंतऱ्यातला वरचा सूर बाईंना लागेना. पट्टी खाली आणली. तरी लागेना. अजून खाली आणली. तेव्हा कसाबसा लागला, तोही कडेला हात लावून परत आल्यासारखा. एकदा बाई चिडून म्हणाल्या, "तू काय दगडासारखी गातेस गं? जरा जीव घाल, म्हणजे मला कळेल कुठे काय करायचं." ताई म्हणाली, "ते काम तुमचं." पण त्या दिवशी तिने गाणं एकदा पूर्ण गाऊन दाखवलं, वळणांसकट. पुन्हा तसं गाऊन दाखव, असं बाई त्यानंतर कधीही म्हणाल्या नाहीत.

कार्यक्रमाला ताई मागच्या रांगेत बसली. बाईंनी गाणं गायलं. खालच्या पट्टीत, दोन ठिकाणी श्वास तोडून, एका ठिकाणी शब्द गिळून. पण शेवटचा सूर आखूड घेतला आणि मुखड्यावर अशा उतरल्या की ताईची पाठ ताठ झाली. हे बाईंचं होतं. यात शंका घ्यायला जागा नव्हती.

शेजारच्या खुर्चीतली एक प्रेक्षक आपल्या बहिणीला म्हणाली, "हे काहीतरी गडबड आहे गं. सिनेमात कसा मोकळा लागलाय आवाज. इथे मागे टेप लावलेली दिसते, आणि ती पण धड नाही."

"त्या स्वतः गातायत," ताईने पुढे वाकून सांगितलं.

"तुम्हाला काय माहीत?"

या प्रश्नाला ताईकडे उत्तर होतं. तिने ते दिलं नाही.

नंतर लोकांनी फोनवर काढलेले तुकडे सगळीकडे फिरले. बाईंचा आवाज गेला, इथपासून रंगमंचावर होत्या त्या खऱ्या बाईच नव्हत्या, इथपर्यंत सगळं लिहून आलं. खोट्यावर कुणी संशय घेतला नव्हता, खऱ्यावर घेतला. बाईंनी त्यानंतर फोन केला नाही. ताईनेही केला नाही. आता बाई शब्द पाळणार नाहीत, अशी तिची जवळजवळ खात्री होती.

पण मग दादाचा फोन आला. नवं गाणं आहे. "बाई स्वतः येणार आहेत आवाज द्यायला. त्यांनीच बजावलंय, ताईंचं पुसा म्हणून. तुम्ही दोघींनी माझ्या नाकी नऊ आणलेत." ताई गेली. सपाट गायली, शेवटचा सूर रीतीप्रमाणे लांब धरला, आणि निघताना विचारलं, "पुसणार?" दादा म्हणाला, "पुसणार." तिने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच त्यावरून तिला काही वाचता आलं नाही.

गाणं बाहेर पडल्यावर ताईने स्वयंपाकघराचं दार लावून ते ऐकलं. शेवटचा सूर आखूड होता. मधल्या हरकती बाईंच्या वाटत होत्या. मात्र दुसऱ्या अंतऱ्यात वरचा सूर होता, आणि तो मोकळा, गोल, झोका घेऊन लागलेला. खालच्या पट्टीतही ज्यांचा तो सूर डगमगत होता, त्यांचा इथे मूळ पट्टीत?

"लागला असेल," नवरा म्हणाला. "औषधपाणी झालं असेल."

"औषधाने झोका येत नाही."

"मग विचार ना त्यांना. घर माहीत आहे तुला."

ती त्याच दुपारी गेली. बाईंनी दार उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून आधीच म्हणाल्या, "मीच गायलंय."

"विश्वास नाही बसत."

"माझ्या मुलाचाही नाही बसला. बस."

"समोर गाऊन दाखवा."

"परीक्षा घ्यायला आलीस?"

"हो."

बाई बसल्या, पाणी प्यायल्या आणि गायल्या. मुखडा बाईंचा होता. पहिला अंतरा बाईंचा होता, त्यातल्या हरकती जशाच्या तशा. दुसऱ्या अंतऱ्यात वर जाताना आवाज फाटला. त्या थांबल्या, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथेच फाटला.

"स्टुडिओत असाच झाला होता," बाई म्हणाल्या. "मी दादाला म्हटलं, राहू दे असाच. तो म्हणाला, राहू देतो."

"मग बाहेर आलाय तो सूर कुणाचा आहे?"

"मला वाटलं तुझा," बाई म्हणाल्या.

"मी तिथे झोका दिला नव्हता. मी सरळ गेले होते."

"नक्की?"

ताईने आठवून बघितलं. नक्की. बहुतेक नक्की. त्यांनी फोन दोघींच्या मध्ये ठेवून तो तुकडा पुन्हा ऐकला, मग परत ऐकला. सूर चोख होता. त्यात बाईंचा ओलेपणा होता, ताईची पट्टी होती, आणि झोका दोघींपैकी कुणाचाच नव्हता.

"छान लागलाय," बाई म्हणाल्या.

"हो," ताई म्हणाली. "पुढचं गाणं कधी आहे?"

"शुक्रवारी."

"मी येते. डमी झाली तरी जाणार नाही. तुम्ही गाईपर्यंत दादाच्या शेजारी बसते."

"आणि काय करणार?"

"बघत बसणार."

"बघून कळतं का काही त्या स्क्रीनवर? नुसत्या रेघा असतात."

"मला नाही कळणार," ताई पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "पण कुणीतरी बघतंय, हे त्याला कळेल."

बाईंनी जरा विचार केला. मग त्या म्हणाल्या, "तू पाणी प्यायला बाहेर जाशील, तेव्हा मी बसते."